अंधारात दिसतं, पण ओळखू येतं का?

१५ ऑक्टोबर २०२५ रोजी संरक्षण मंत्रालयाने ६५९ कोटी ४७ लाख रुपयांचा एक करार केला. कानपूरची एमकेयू आणि तिच्यासोबतची मेडबिट टेक्नॉलॉजीज या दोन कंपन्या मिळून लष्कराला रायफलीवर बसवायच्या रात्रीच्या दुर्बिणी पुरवणार आहेत. सैन्यात त्यांना सरळ ‘नाइट साइट’ म्हणतात. या दुर्बिणी ७.६२ × ५१ मिलिमीटर काडतुसाच्या सिग ७१६ रायफलीसाठी आहेत. अमेरिकेकडून २०१९ मध्ये अशा ७२,४०० रायफली घेण्याचा करार झाला, २०२४ मध्ये आणखी ७३,००० मागवल्या गेल्या. नुसत्या चांदण्यांच्या उजेडात ५०० मीटरपर्यंतच्या लक्ष्यावर परिणामकारक मारा करता येईल, असं मंत्रालयाच्या निवेदनात म्हटलं आहे.

रायफलीचा पहिला करार २०१९ मध्ये झाला आणि तिच्या पल्ल्याला साजेशी रात्रीची नजर मिळवण्याचा करार व्हायला सहा वर्षं गेली. जगभर थोड्याफार फरकाने असंच होत आलं आहे. शस्त्र आधी येतं, अंधारात पाहण्याची सोय मागाहून. शिवाय ‘मारा करता येईल’ या तीन शब्दांत तीन निराळी कामं दडलेली आहेत. तिथे काहीतरी आहे हे कळणं, ते काय आहे हे ओळखणं आणि गोळी नेमकी तिथेच पोचवणं. गेल्या ऐंशी वर्षांत पहिलं आणि तिसरं काम फार पुढे गेलं, मधलं मात्र मागे राहिलं. या विषयाचा आढावा या मधल्या कामावर लक्ष ठेवूनच घ्यायला हवा, असं मला वाटतं.

माणसाच्या डोळ्याला अंधाराची पूर्ण सवय व्हायला सुमारे अर्धा तास लागतो. अंधारात काम करणाऱ्या दंडाकार पेशी डोळ्याच्या पडद्याच्या ऐन मध्यभागी नसतात, त्यामुळे अंधुक वस्तूकडे थेट रोखून पाहिलं की ती नाहीशी होते आणि किंचित बाजूला पाहिलं की पुन्हा दिसू लागते. नेम धरताना मात्र रोखूनच पाहावं लागतं. त्यात बंदुकीची माशी काळी आणि समोरची सावलीही काळी. माशीवर पांढरा ठिपका लावणं किंवा ट्रिटियमची चमकणारी कुपी बसवणं हे त्यावरचे जुने उपाय. ट्रिटियमचा उजेड बारा वर्षांत निम्म्यावर येतो, तरी ती पद्धत अजून टिकून आहे. पण त्यामुळे दिसते ती माशी, समोरचं लक्ष्य काळोखातच राहतं.

मग लक्ष्यावरच उजेड टाकायचा. मे १९२६ मध्ये रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या मारताना जिम कॉर्बेटच्या रायफलीवर विजेरी बसवलेली होती. तिने क्षणभर उजेड दिला आणि ती विझली. गोळी लागली की नाही हे कळायला त्याला आंब्याच्या झाडावर उजाडेपर्यंत बसून राहावं लागलं. जनावरासाठी हा उपाय कसाबसा चालतो. उलटून गोळी झाडणाऱ्या माणसासमोर दिवा लावणं म्हणजे आपलाच ठावठिकाणा सांगणं.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जर्मनांनी यातून वाट काढली. विल्यम हर्शलने १८०० मध्ये अवरक्त किरण शोधले होते. डोळ्याला न दिसणाऱ्या या किरणांचाच दिवा त्यांनी रायफलीवर चढवला आणि ते किरण दृश्य करणारी दुर्बीण त्याच्याखाली बसवली. एसटीजी ४४ वरच्या या संचाला ‘व्हॅम्पीर’ म्हणत. शिपायाच्या पाठीवर त्यासाठी तेरा-चौदा किलोंची बॅटरी असे. अमेरिकेनेही १९४५ मध्ये ओकिनावाच्या लढाईत कार्बाइनवर असाच संच वापरला. त्याचा पल्ला साठ-सत्तर मीटरचा होता. दोन्हींतली उणीव एकच. शत्रूच्या हाती तसलीच दुर्बीण आली की हा अदृश्य दिवा त्याला लख्ख दिसतो. ही उणीव आजही गेलेली नाही, आणि पुढे लेसरच्या रूपाने ती पुन्हा समोर येते.

स्वतःचा उजेड न टाकता पाहण्याची पहिली खरी सोय व्हिएतनामच्या युद्धात, १९६० च्या दशकाच्या मध्यावर आली. ‘स्टारलाइट’ नावाची ही दुर्बीण पावणेतीन किलोंच्या आसपास होती. तीन नळ्या एकापुढे एक जोडून ती चांदण्यांचा तुटपुंजा उजेड हजारो पटींनी वाढवत असे. कडेला चित्र वाकायचं. समोर भडक दिवा पेटला की सगळा पडदा झळाळून जायचा.

दुसऱ्या पिढीत, १९७० च्या दशकात, तीन नळ्यांचं काम एका चकतीने उचललं. या चकतीचं कामकाज नीट समजून घेण्यासारखं आहे. भिंगातून आलेला प्रकाश आधी एका संवेदी थरावर पडतो आणि त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. मागे काचेची पातळ चकती असते. तिला केसाहून बारीक अशी लाखो छिद्रं असतात, थोडी तिरकी. इलेक्ट्रॉन छिद्रात शिरला की भिंतीवर आपटतो आणि आणखी इलेक्ट्रॉन उडवतो, ते पुढे आपटून आणखी उडवतात. दुसऱ्या टोकाला ही झुंड चमकणाऱ्या पडद्यावर आदळते आणि चित्र उमटतं. पडदा बरीच वर्षं हिरवा होता, आता पांढराही मिळतो. तिसऱ्या पिढीत पुढच्या थरासाठी गॅलियम आर्सेनाइड आलं, संवेदनशीलता वाढली आणि नळीचं आयुष्य दहा हजार तासांपर्यंत पोचलं. या धंद्यातले लोक तिला ‘आयआय ट्यूब’ म्हणतात. तिची प्रत सांगण्यासाठी एका मिलिमीटरमध्ये रेषांच्या किती जोड्या सुट्या दिसतात तो आकडा घेतात आणि संकेत व गोंगाट यांच्या गुणोत्तराने त्याला गुणतात. कोणाला कितपत चांगली नळी विकायची, हे अमेरिकेने बराच काळ याच गुणाकारावरून ठरवलं.

नळीला उजेड लागतोच, चांदण्यांचा का होईना. जाड ढग असतील किंवा दाट झाडीखाली आडोसा असेल तर ती हतबल होते. शिवाय ती परावर्तित प्रकाशावर चालते, त्यामुळे झुडपाच्या सावलीत निश्चल बसलेला माणूस डोळ्याला जसा चुकतो तसाच तिलाही चुकतो.

थर्मल, म्हणजे उष्णतेवरून पाहणाऱ्या यंत्राचं, तत्त्वच निराळं. प्रत्येक वस्तू तिच्या तापमानाप्रमाणे अवरक्त किरण बाहेर टाकत असते. माणसाच्या त्वचेतून हे किरण सर्वांत जास्त निघतात ते साडेनऊ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या जवळपास. हवा त्यांना बऱ्यापैकी जाऊ देते. सुरुवातीचे थर्मल संवेदक अतिथंड ठेवावे लागत, म्हणून ते रणगाड्यांवर, विमानांवर आणि क्षेपणास्त्रांच्या दुर्बिणींवरच राहिले. १९८० च्या दशकात अमेरिकेत हनीवेलने लष्करी पैशातून थंड न करता चालणारा संवेदक विकसित केला. व्हॅनॅडियम ऑक्साइडच्या सूक्ष्म तुकड्यांची ही जाळी असते. एखादा तुकडा किंचित तापला की त्याचा विद्युतरोध बदलतो आणि तो फरक मोजून चित्र तयार होतं. १९९२ मध्ये या तंत्रावरची गुप्तता उठली आणि थर्मल रायफलीवर बसण्याइतकं लहान होऊ लागलं. आजचे चांगले संवेदक अंशाच्या चाळिसाव्या भागाइतका तापमानातला फरक टिपतात. मिट्ट काळोखात, विरळ धुरातून, पानांच्या फटीतून उष्ण अंग उठून दिसतं.

पण थर्मलच्या मर्यादा जाहिरातीत येत नाहीत. दिवसातून दोनदा, उजाडताना आणि मावळताना, जमीन, दगड, झाडं आणि त्यांच्यापुढची वस्तू यांची तापमानं जुळतात आणि चित्र सपाट होतं. जोराचा पाऊस पडून गेला की सगळा परिसर एकसारखा गार होतो. दाट धुक्यात आणि कोकणातल्यासारख्या दमट हवेत पल्ला घटतो. आणि साधी काच या किरणांना भिंतीसारखी आडवी येते. मोटारीच्या बंद काचेमागे बसलेला माणूस थर्मलला दिसत नाही. म्हणूनच थर्मलची भिंगं जर्मेनियमची असतात.

काचेच्या या एका गुणधर्मामुळे रायफलीवरची सगळी मांडणी बदलते. नवख्या खरेदीदाराचे आणि निविदा लिहिणाऱ्यांचेही घोटाळे बहुधा इथेच होतात, म्हणून इथे जरा थांबायला हवं.

सर्वांत सरळ मांडणी म्हणजे दिवसाची दुर्बीण काढायची आणि रात्रीची बसवायची. नळीची असो वा थर्मलची, तिच्यातच नेमाची खूण असते. थर्मलमध्ये तर ती पडद्यावर आखलेलीच असते, झिरो करताना, म्हणजे खूण आणि गोळी लागण्याची जागा जुळवताना, ती पडद्यावर सरकवायची. हे सोपं आहे, पण संध्याकाळी साइट बदलली की झिरो जिथे होता तिथेच राहिला याची खात्री माउंटच्या, म्हणजे साइट रायफलीला धरून ठेवणाऱ्या पकडीच्या, गुणावर अवलंबून राहते. सराव झालेली दुर्बीण, गाल टेकायची जागा, डोळ्याचं अंतर हे सगळंही बदलतं.

त्यावरचा तोडगा म्हणजे क्लिप-ऑन. दिवसाची दुर्बीण जागेवर ठेवायची आणि तिच्यापुढे रायफलीवर रात्रीचं यंत्र अडकवायचं. हे यंत्र चित्र मोठं करत नाही, समोरचं दृश्य आहे त्याच मापात मागच्या दुर्बिणीला दाखवतं. नेम दिवसाच्याच खुणेने धरायचा असल्यामुळे झिरो तोच राहतो, असं कागदावर तरी असतं. प्रत्यक्षात पुढचं यंत्र चित्र किंचित तिरकं फेकत असेल तर लांबवर गोळी बाजूला जाते, म्हणून चांगलं क्लिप-ऑन जुळवणीत फार काटेकोर असावं लागतं. दुसरी अडचण मोठं करून पाहण्याची. मागची दुर्बीण चार-पाच पटींच्या वर नेली की पुढच्या पडद्याचेच ठिपके मोठे दिसू लागतात, तपशील वाढत नाही. रायफलीच्या नाकाशी अर्धा-पाऊण किलो वजन येतं ते वेगळंच. तरीही लांबच्या नेमबाजाला मी हीच मांडणी सुचवेन, कारण त्याने हजारो गोळ्या ज्या दुर्बिणीतून झाडल्या ती त्याच्या डोळ्यासमोर राहते. जर्मनीने २०२० मध्ये शस्त्रकायदा बदलून परवानाधारक शिकाऱ्यांना या जातीची यंत्रं खुली केली ती रानडुकरांसाठी. आफ्रिकी स्वाइन फीव्हर सीमेवर येऊन ठेपला होता आणि डुक्कर रात्रीच बाहेर पडतं.

जवळच्या लढाईत गोष्ट निराळी. तिथे शिपायाला रात्रभर चालायचं, चढायचं, पाहायचं असतं, म्हणून यंत्र रायफलीवर न ठेवता शिरस्त्राणावर डोळ्यापुढे बसवतात. या गॉगलची नजर चाळीस अंशांची असते, उघड्या डोळ्यांची दोनशेच्या आसपास. चार नळ्यांचे गॉगल सत्त्याण्णव अंश दाखवतात. २०११ मध्ये अबोटाबादला उतरलेल्या अमेरिकी कमांडोंकडे ते होते. पण गॉगल लावून नेम कसा धरायचा? त्याचं भिंग लांबवर केंद्रित केलेलं असतं, त्यामुळे हातभर अंतरावरची माशी नुसता डाग दिसते. गॉगल पुढे आल्यामुळे गालही दस्त्याला टेकत नाही. मोठं करून दाखवणाऱ्या दुर्बिणीमागे तर डोळा नेताच येत नाही, कारण मधे गॉगल असतो आणि दुर्बिणीतून येणारा उजेडाचा झोत चार-पाच मिलिमीटरचाच असतो.

इथे रेड डॉट कामी येतो. स्वीडनच्या एमपॉइंटने १९७० च्या दशकाच्या मध्यात आणलेल्या या साइटमध्ये काचेवर दिसणारा लाल ठिपका डोळ्याला लांबवर असल्यासारखा भासतो. लक्ष्य आणि ठिपका दोन्ही एकाच अंतरावर असल्यासारखे असल्याने गॉगललाही दोन्ही एकदम स्पष्ट दिसतात. डोळा थोडा इकडेतिकडे झाला तरी चालतं. फक्त ठिपका इतका मंद हवा की उघड्या डोळ्याला तो दिसूच नये. नेहमीच्या तेजाचा ठिपका नळीत फुलून लक्ष्यच झाकतो. चांगल्या रेड डॉटवर रात्रीच्या यंत्रांसाठी दोन-चार पायऱ्या राखून ठेवलेल्या असतात त्या याचसाठी. साइटचं माउंटही नेहमीपेक्षा उंच घेतात, म्हणजे मान न वाकवता गॉगल ठिपक्यासमोर येतो.

आता हाच शिपाई नळीच्या गॉगलऐवजी थर्मल गॉगल लावून उभा राहिला, तर त्याला रेड डॉटच्या जागी एक करडी चकती दिसेल. काचेतून उष्णता येत नाही. ठिपका दिसणार नाही आणि पलीकडचं लक्ष्यही दिसणार नाही. थर्मल क्लिप-ऑन मात्र चालतं, कारण ते उष्णतेचं चित्र आधी स्वतःच्या पडद्यावर साध्या प्रकाशात उमटवतं आणि मागच्या दुर्बिणीला तो पडदा दाखवतं. ‘थर्मलही घेतलं, रेड डॉटही आहे, म्हणजे रात्रीचं काम झालं’ असा हिशेब करणाऱ्याने या काचेचा विचार केलेला नसतो.

दुसरा मार्ग अवरक्त लेसरचा. रायफलीवर एक छोटी पेटी, बटण दाबलं की लक्ष्यावर ठिपका, आणि तो फक्त गॉगलमधून दिसणारा. रायफल खांद्यापर्यंतही आणावी लागत नाही. इराक आणि अफगाणिस्तानात अमेरिकी सैन्य वर्षानुवर्षं याच पद्धतीने लढलं, कारण समोरच्याकडे गॉगल नव्हते. तो काळ संपला. धुळीत, धुक्यात हा किरण दोरीसारखा ताणलेला दिसतो आणि त्याचं एक टोक शिपायाच्या हातात असतं. व्हॅम्पीरच्या दिव्याची उणीव ती हीच. म्हणून गेल्या काही वर्षांत सैन्यं पुन्हा उंच रेड डॉटकडे वळली आहेत आणि लेसर शेवटच्या क्षणासाठी राखून ठेवतात. लेसर थर्मलला दिसत नाही, हेही इथेच सांगून टाकलेलं बरं.

नळी आणि थर्मल एकत्र करण्याचे प्रयत्न महागडे आहेत, पण पुढची दिशा तीच. अमेरिकेने २०१९ पासून दिलेल्या ईएनव्हीजी-बी गॉगलमध्ये नळीच्या चित्रावर उष्ण आकृतीची कड चढवलेली असते आणि रायफलीवरच्या थर्मल साइटचं चित्र बिनतारी मार्गाने डोळ्यापुढे येतं. कोपऱ्यावरून फक्त रायफल पुढे काढून नेम धरता येतो. याच्या पुढचा, सगळं डिजिटल पडद्यावर दाखवणारा आयव्हॅस हा प्रयोग मात्र चाचण्यांत अडखळला. शिपायांचं डोकं दुखू लागलं, मळमळू लागलं. डोळ्यावर किती माहिती लादायची याला शरीराचीही मर्यादा असते.

आता त्या मधल्या कामाकडे येतो. १९५८ मध्ये अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेतल्या जॉन जॉन्सन यांनी एक साधा प्रयोग मांडला. लक्ष्याच्या लहान बाजूवर रेषांच्या किती जोड्या मावतात, यावरून पाहणाऱ्याला काय कळतं हे त्यांनी मोजलं. एक जोडी मावली तर काहीतरी आहे एवढं कळतं. चार मावल्या तर माणूस की जनावर, रणगाडा की ट्रक हे कळतं. नेमका कोण किंवा कुठल्या बनावटीचा, हे कळायला साडेसहाच्या आसपास लागतात. आणि हेसुद्धा निम्म्या वेळा बरोबर येण्यासाठी. हे निकष आजही वापरात आहेत.

हिशेब करून पाहू. ६४० ठिपक्यांचा संवेदक, ठिपका १२ मायक्रोमीटरचा, भिंग ५० मिलिमीटर नाभीय अंतराचं. बाजारात हा चांगला संच समजला जातो. ५०० मीटरवर यातला एक ठिपका बारा सेंटिमीटर जागा व्यापतो. अर्धा मीटर रुंद माणसावर चारच ठिपके पडतात, म्हणजे रेषांच्या दोन जोड्या. तिथे काहीतरी उष्ण आहे हे नक्की, माणूस आहे हे बहुधा चालीवरून. हाच संच माणूस किलोमीटरभरावरून हेरेल, माणूस म्हणून अडीचशे मीटरच्या सुमारास ओळखेल आणि त्याच्या हातात काठी आहे की रायफल हे कळायला दीडशे मीटरच्या जवळपास यावं लागेल. गोळी मात्र ५०० मीटरवर सहज पोचते. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापलेला असतो तो हेरण्याचा आकडा.

या फरकाची किंमत माणसांनी मोजली आहे. १७ फेब्रुवारी १९९१ च्या रात्री एका अमेरिकी अपाची हेलिकॉप्टरने थर्मलमधून पाहून दोन वाहनांवर क्षेपणास्त्रं डागली. वाहनं अमेरिकीच होती, दोन सैनिक गेले. त्या आखाती युद्धात लढाईत मेलेल्या अमेरिकी सैनिकांपैकी ३५ जण आपल्याच माऱ्याने गेले, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा. एवढ्या लांबून, एवढ्या अंधारात मारा करता येतो हेच त्याचं एक मोठं कारण होतं. थर्मलमध्ये गणवेशाचा रंग नसतो, चेहरा नसतो, सगळी माणसं पांढऱ्या आकृत्या होतात. मग मित्रवाहनांवर उष्णता वेगळी दाखवणाऱ्या पट्ट्या आल्या, शिरस्त्राणावर अवरक्त लुकलुके आले. अंतराचा अंदाजही रात्री फसतो, एका डोळ्याच्या सपाट चित्रात खोली कळत नाही. लेसरने अंतर मोजल्याशिवाय लांबचा नेम धरणं म्हणजे गोळी वाया घालवणं, किंवा त्याहून वाईट.

आपल्याकडे हाच प्रश्न जंगलाच्या कडेला उभा आहे. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री यवतमाळ जिल्ह्यात टी-१, म्हणजे अवनी वाघीण, मारली गेली. तिच्या शोधात थर्मल ड्रोनही वापरले होते. कारवाई रात्रीच्या अंधारात का केली, यावरून देशभर वाद झाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात तीन माणसं बिबट्याने मारल्यावर वनखात्याने थर्मल ड्रोनने बिबट्या हेरला आणि भूल देण्याचा प्रयत्न फसल्यावर नेमबाजांनी तो मारला. उसाच्या फडात बिबट्या शोधायला थर्मलइतकं उपयोगी साधन दुसरं नाही. पण ‘हाच तो’ हे थर्मल सांगत नाही. बिबट्याची ओळख त्याच्या अंगावरच्या ठिपक्यांच्या नक्षीवरून पटते, आणि रात्रीच्या थर्मल चित्रात ती नक्षी जवळजवळ पुसली जाते. कॅमेरा ट्रॅपच्या अवरक्त झोतात ती दिसते. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक परवानगी देतो ती माणसाच्या जिवाला धोका ठरलेल्या विशिष्ट जनावरासाठी. जिथे एकेका तालुक्यात अनेक बिबटे उसात राहतात, तिथे हेरायला थर्मल आणि ओळखायला झोताचा कॅमेरा अशी दोन्ही साधनं एकत्र असल्याशिवाय चाप ओढण्याची परवानगी देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. गावकऱ्यांची भीती खरी आहे. चुकीचा बिबट्या मारला तर ती दुसऱ्या दिवशीही तशीच राहते.

लष्कराकडे परत येऊ. कारगिलमध्ये १९९९ साली आपल्या पायदळाने तोलोलिंग, टायगर हिल अशी शिखरं रात्रीच्या चढायांनी घेतली, कारण उजेडात ते कडे चढणं म्हणजे वरच्या मशीनगनसमोर उभं राहणं होतं. रात्री पाहण्याची साधनं तेव्हा तुकड्यांकडे मोजकी होती. १९८२ च्या फॉकलंड युद्धात उलटी गोष्ट घडली होती. अर्जेंटिनाच्या अनेक तुकड्यांकडे ब्रिटिशांपेक्षा सरस नाइट साइट होत्या, तरी रात्रीच्या लढाया ब्रिटिशांनीच जिंकल्या. त्यांनी अंधारात चालण्याचा, गोळीबाराचा, एकमेकांना ओळखण्याचा सराव केला होता. रात्री किती गोळ्या झाडल्या, किती वेळा बॅटरी थंडीत बसली, गॉगल काढल्यावर डोळा पूर्ववत व्हायला किती वेळ गेला, हे माहीत असलेला शिपाई आणि नवं यंत्र हातात पडलेला शिपाई यांत फार अंतर असतं. लडाखच्या थंडीत बॅटरीचं काय होतं, हा तर सरावातच कळायचा धडा आहे. नळीचं यंत्र एका एए बॅटरीवर अनेक तास चालतं, थर्मलला तेवढ्यात कितीतरी जास्त वीज लागते. पहाडावर ती सगळी पाठीवरून न्यायची असते. करारात साइटसोबत प्रशिक्षणाच्या रात्रींसाठी काडतुसं आणि बॅटऱ्या किती, हा आकडा मला पल्ल्याच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा वाटतो.

आपला देश या क्षेत्रात कोरा नाही. भारत इलेक्ट्रॉनिक्सचा मछलीपट्टणमचा कारखाना दशकानुदशकं नाइट साइट बनवतो. १९९० मध्ये त्यांनीच पुण्यात भोसरीला, डच कंपनीच्या भागीदारीत, आयआय ट्यूब बनवणारी कंपनी काढली. आता ती पूर्णपणे भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या मालकीची आहे. देशात बनणाऱ्या नाइट साइटचं हृदय भोसरीत घडतं, हे पुण्यातल्या किती जणांना ठाऊक असेल? डेहराडूनला डीआरडीओची आयआरडीई ही दृक्‌साधनांची प्रयोगशाळा आहे आणि तिथेच आयुध कारखान्यांच्या पुनर्रचनेनंतर २०२१ मध्ये इंडिया ऑप्टेल ही कंपनी उभी राहिली. बंगळुरूची टोन्बो इमेजिंग थर्मल साइट बनवते आणि निर्यातही करते.

अडलेलं काम तळाशी आहे. बाहेरचं घर, भिंगं, जुळवणी, सॉफ्टवेअर हे सारं इथे होतं. पण चांगल्या नळीचं तंत्र युरोपातून आलेलं, आणि थर्मलचे संवेदक मोठ्या प्रमाणावर परदेशातून येतात. नव्या करारात देशी वाटा ५१ टक्क्यांहून अधिक असल्याचं सांगितलं आहे. उरलेल्या वाट्यात नेमकं काय आहे, हा संसदेत विचारण्याजोगा प्रश्न आहे. भिंगांच्या जर्मेनियमचीही तीच गत. जगातलं बहुतेक जर्मेनियम शुद्ध करणाऱ्या चीनने ऑगस्ट २०२३ पासून त्याच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली आणि किमती चढल्या. चाल्कोजेनाइड काच हा त्याला पर्याय आहे आणि ती साच्यात दाबून भिंगं करता येतात. त्या काचेसाठी आणि दिल्लीच्या घनस्थिती भौतिकी प्रयोगशाळेत चाललेल्या संवेदकांच्या कामासाठी पुढच्या पाच वर्षांत किती पैसा ठेवला जातो, यावर २०३० नंतरच्या भारतीय नाइट साइटमध्ये भारतीय काय असेल ते ठरेल.